खिशातला चाकू

माझ्या खिशात रोज चार वस्तू असतात: रुमाल, पेन, घराची किल्ली आणि चाकू. पहिल्या तीन वस्तूंबद्दल आजवर मला कोणी काही विचारलेले नाही. चौथ्या वस्तूबद्दल मात्र सगळे विचारतात. "सर, तुम्ही खिशात चाकू बाळगता?" या प्रश्नातले 'तुम्ही' जरा लांबवलेले असते. शिक्षकाच्या खिशात खडू असावा, फार तर लाल पेन असावे. चाकू कशाला, असा त्याचा अर्थ. गंमत अशी, की हा प्रश्न विचारणारेच लोक दिवसभरात माझ्याकडून चाकू मागून नेतात.

जून महिन्यात शाळेत पुस्तकांचे गठ्ठे येतात. त्यांना प्लॅस्टिकची पट्टी इतकी घट्ट आवळलेली असते, की ती हाताने तुटत नाही. आमचे शिपाईचाचा आधी ती किल्लीने घासत बसतात, मग दाताकडे वळतात आणि शेवटी माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन नुसता हात पुढे करतात. चित्रकलेच्या सरांना पेन्सिलीचे टोक चांगले लांब हवे असते. भोकात पेन्सिल फिरवून तसे टोक निघत नाही, ते चाकूनेच तासावे लागते. विज्ञानाच्या बाईंना तारेवरचे प्लॅस्टिक सोलून हवे असते. परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांची सुतळी, स्नेहसंमेलनाच्या वेळी पताकांचा दोरा, सहलीला काकडी आणि पेरू. यांतले कोणतेही काम अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालत नाही. पण चाकू जवळ नसला, तर त्या अर्ध्या मिनिटासाठी माणूस दहा मिनिटे कात्री शोधत फिरतो. आणि कात्री नेहमी दुसऱ्याच कपाटात असते.

चाकूची आणि माझी ओळख आजोळी झाली. माझे नाना मुंबईतल्या एका उर्दू छापखान्यात कातिब होते. त्या काळी उर्दू वर्तमानपत्राचा मजकूर खिळ्यांनी जुळवत नसत. कातिब तो हाताने, सुंदर नस्तालीक अक्षरांत लिहून काढत आणि मग तो छापला जाई. म्हातारपणी नाना घरीच लग्नपत्रिका आणि पुस्तकांची मुखपृष्ठे लिहीत. त्यांच्या बैठकीजवळ एक दौत, कलमांची जुडी आणि बोटभर लांबीचा एक चाकू असे. त्या चाकूला ते कधीच चाकू म्हणत नसत. तो कलमतराश. हा शब्द तुम्हाला परका नाही. कलम तासतो तो कलमतराश.

त्याच कलमाला मराठीत बोरू म्हणतात. पूर्वी मराठी कारकूनही बोरूनेच लिहीत, म्हणजे त्यांच्या दप्तरातही असा एक चाकू असलाच पाहिजे. इंग्रजीत खिशातल्या लहान चाकूला 'पेननाइफ' म्हणतात, तेही याच कामावरून. तिकडे पक्ष्याच्या पिसाची लेखणी असे आणि तिचे टोक सारखे तासावे लागे. 'चाकू' हा शब्द मराठीत आणि उर्दूत फारसी-तुर्कीकडून आला. मराठीतली 'सुरी' संस्कृतातल्या 'क्षुरिके'वरून आली आणि आपल्या उर्दूतली 'छुरी' ही तिची सख्खी बहीण. भाषेच्या तासाला मी हे सांगितले, की मुले हसतात. पण घरात वापरायच्या वस्तूंची नावे अशीच गावोगाव फिरून आपल्याकडे येतात.

नाना कलम कसे करत, ते पाहण्यासारखे असे. आधी ते बोरूचे टोक तिरपे तासत, मग दोन्ही बाजू निमुळत्या करत आणि मधोमध एक बारीक चीर देत. शेवटी टोक एका लहानशा कठीण पट्टीवर ठेवून वरून चाकू दाबत. 'कट्' असा आवाज होई. याला 'कत लावणे' म्हणतात. त्या एका दाबाने कलमाचे टोक सरळ आणि स्वच्छ कापले गेले पाहिजे. पुन्हा दाबायची सोय नाही. कलमाच्या टोकाने काढलेला नुक्ता हे खुशखतीतले माप आहे. कोणते अक्षर किती उंच आणि किती रुंद, हे नुक्त्यांवर मोजतात. म्हणजे चाकू बोथट असला, की कत बिघडली. कत बिघडली, की नुक्ता बिघडला. आणि नुक्ता बिघडला, की सगळे पान बिघडले. म्हणून नाना लिहायला बसण्यापूर्वी चाकूची धार पाहत, शाई नंतर.

१९८१ साली लाहोरच्या 'जंग' दैनिकाने नूरी नस्तालीक हे संगणकावरचे अक्षर वापरले आणि पुढे काही वर्षांत आपल्याकडच्या उर्दू छापखान्यांतही संगणक आले. कातिबांचे काम संपत गेले. पण नानांच्या शेरवानीच्या खिशात कलमतराश शेवटपर्यंत होता. आम्हा नातवंडांसाठी ते त्याने संत्रे सोलत, पतंगाच्या काड्या तासत. शेरवानीतल्या त्या पांढऱ्या दाढीच्या माणसाने चाकू काढला, म्हणून कोणी दचकल्याचे मला आठवत नाही.

बी.एड. करून मी नोकरीला लागलो, तेव्हा स्वतःसाठी एक चाकू घ्यायचे ठरवले. नानांचा कलमतराश मामूंकडे आहे आणि तो मला उपयोगाचाही नव्हता. धार लावून लावून त्याचे पाते गवताच्या पात्याएवढे उरले आहे. सुतळी कापायला घेतला, तर तो मोडायचाच. मला सगळ्या कामांचा चाकू हवा होता आणि तो रोज खिशात बसणाराही हवा होता.

'सगळ्या कामांचा' हा शब्द जरा फसवा आहे. दुकानदार तो फार सहज वापरतात. पण जगातली सगळी कामे करणारा चाकू अजून कोणी बनवलेला नाही. कोकणातल्या बागायतदाराला विचारा. तो कमरेला लाकडी आकडी बांधतो आणि तिच्यात कोयती अडकवतो. नारळ सोलायचा, फांदी तोडायची, कुंपणाची काठी तासायची, सारे त्या एका कोयतीने. त्याच्या दृष्टीने तीच सगळ्या कामांची. पण तिने पेन्सिलीला टोक काढता येणार नाही. उलट माझ्या चाकूने झाडाची फांदी तुटणार नाही, आणि माझ्या वर्गात फांद्या नाहीतही. तेव्हा चाकू घेण्यापूर्वी मी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवले, की चाकूची गरज मला कधी पडली. अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी नऊ कामांना दोन इंचांचे पाते पुरले असते.

त्याच सुमारास एका उरुसात चाकूंचे दुकान लागले होते. दुकानदाराने मला रामपुरी दाखवला. मुठीवर पितळेची नक्षी, पाते वीतभर आणि उघडताना 'खट्' असा आवाज. त्या आवाजासाठीच लोक तो घेतात, असे दुकानदाराने मोठ्या अभिमानाने सांगितले. जुन्या हिंदी चित्रपटांतल्या खलनायकाने हा आवाज घरोघर पोहोचवला. मला मात्र त्या चाकूपेक्षा रामपूर शहराचे वाईट वाटले. तेथे रझा ग्रंथालय आहे. नवाब फैजुल्ला खान यांच्या काळात, १७७४ साली, त्याची सुरुवात झाली आणि तेथे अरबी, फारसी, उर्दू, संस्कृत अशा कितीतरी भाषांतली हस्तलिखिते जपून ठेवली आहेत. मिर्झा गालिब हे रामपूरचे नवाब यूसुफ अली खान यांचे उस्ताद होते. पण रामपूर म्हटले, की दहांपैकी नऊ लोकांना चाकूच आठवतो. २०२३ साली तर तेथल्या चौकात सुमारे वीस फुटांचा एक चाकूच उभारला गेला. कारागिरांच्या हाताचा तो मान आहे हे खरे, आणि ते कारागीर उत्तमच आहेत. तरी मी रामपुरी घेतला नाही. वीतभर पात्याने मी कोणत्या पेन्सिलीला टोक काढणार होतो?

घरी ही गोष्ट काढली, तेव्हा अम्मीने भाकरी थापता थापता विचारले, "चाकू कशाला हवा तुला?"

"शाळेत गठ्ठे सोडायला लागतो."

"गठ्ठे शाळा सोडवून घेईल. उद्या कुठे झडती झाली, तर तुझे नाव आधी वाचतील, बेटा. गठ्ठ्यांचे कोणी विचारणार नाही."

अम्मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. आमच्या गावात तिने संचारबंदीचे दिवस पाहिले आहेत. मोहल्ल्यातली तरुण मुले रात्री घरी यायला उशीर करू लागली, की दाराशी उभी राहणारी ती बाई आहे. तिला मी काय उत्तर देणार? मी कायद्याचे पुस्तक काढले. आपल्या देशात १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. त्याच्या नियमांत धारदार हत्यारांचे माप दिले आहे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते असेल, तर ते हत्यार शस्त्रांच्या यादीत जाते. मात्र घरकाम, शेती, विज्ञान किंवा कारखान्याचे काम यांसाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. शिवाय निवडणूक, सण, मिरवणूक अशा वेळी शांतता राखण्यासाठी पोलीस हत्यारे जवळ बाळगण्यास मनाई करणारा आदेश काढू शकतात. विमानात तर हातातल्या पिशवीत लहानसा चाकूही चालत नाही. हे सगळे मी अम्मीला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "कायदा तुला ठाऊक आहे. समोरच्याला ठाऊक असेल का?"

अब्बा कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी तीस वर्षे यंत्रमागावर काढली आहेत. तुटलेला धागा जोडायला आणि जास्तीचा कापायला एक छोटी कात्री कायम त्यांच्या खिशात असे. ते म्हणाले, "हत्यार कामाचे असेल, तर ते कामाचेच दिसले पाहिजे. एवढे बघ आणि घे."

अम्मीची भीती आणि अब्बांची अट, दोन्ही मला पटल्या. मग मी माझे नियम ठरवले. पाते तीन इंचांच्या आत हवे. कळ दाबून किंवा झटका देऊन उघडणारा चाकू नको; नखाने खाचेत धरून, दोन्ही हातांनी, सावकाश उघडावा लागणारा हवा. हौशी लोक याला चाकूचा दोष मानतात. एका हाताने चटकन उघडणे हा त्यांच्या मते मोठा गुण. पण चटकन उघडणारा चाकू पाहणाऱ्याला चटकन घाबरवतो, आणि मला पेन्सिल तासायची एवढी घाई कधीच नसते. तिसरी गोष्ट रंगाची. काळी मूठ नको, उजळ रंगाची हवी. त्यात भीतीचा भाग होताच, पण एक साधे कारणही होते: सहलीत गवतात पडलेला काळा चाकू सापडत नाही.

या नियमांत बसणारे दोन चाकू मी हाताळून पाहिले. दोन्ही आपल्या देशातले नाहीत, पण दोघांची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

पहिला फ्रान्सचा. तेथल्या साव्हॉय या डोंगराळ प्रदेशात जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणाने १८९० साली हा चाकू केला. लाकडाची गोलसर मूठ, तिच्यात चीर आणि चिरेत मिटणारे एकच पाते. बस, एवढेच. शेतकऱ्यांना, गुराख्यांना परवडेल असा चाकू. त्याचे लहानमोठे आकार आहेत आणि त्यांना अंक दिले आहेत. त्यांपैकी आठ नंबरचा, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, सर्वांत आवडता. १९५५ साली त्याच्या मुठीवर फिरणारी एक धातूची कडी बसवली गेली. कडी फिरवली, की उघडलेले पाते बोटांवर मिटत नाही. माझ्या एका मित्राकडचा असा चाकू मी पंधरा दिवस वापरला. पाते माझ्या मापापेक्षा थोडे लांब होते, तरी मोह झाला. सफरचंद कापावे तर त्यानेच; पाते इतके पातळ, की फोड आपोआप सुटते. पण ते दिवस जुलैचे होते. पावसाळी हवेने लाकूड फुगले आणि पाते मुठीतून निघता निघेना. एकदा मी लिंबू कापून चाकू तसाच ठेवला, तर तासाभरात पात्यावर काळे डाग पडले.

डाग का पडले, ते सांगतो. त्या चाकूचे पाते साध्या पोलादाचे होते. नानांचा कलमतराशही तसाच. अशा पोलादाला धार लवकर लागते आणि सुरेख लागते, पण पाणी आणि आंबट रस त्याला सोसत नाहीत. पोलादात साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम मिसळले, की त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो आणि गंज अडतो. हेच आपले स्टेनलेस स्टील. इंग्लंडच्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली असे पोलाद तयार केले आणि शेफील्ड हे तर सुऱ्या-चाकूंचेच गाव. नाना रोज रात्री चाकू पुसून त्याला तेलाचे बोट लावत. मी तेवढा शिस्तीचा माणूस नाही. माझा चाकू स्टेनलेसच हवा.

दुसरा चाकू स्वित्झर्लंडचा. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली इबाख या गावी चाकूंचा कारखाना काढला. स्विस सैन्याला आपल्या शिपायांसाठी एक चाकू हवा होता. शिपायाला दोन कामे पडत: डब्यातले अन्न खायचे, म्हणजे डबा उघडायचा; आणि नवी बंदूक साफ करायची, म्हणजे तिचे स्क्रू काढायचे. म्हणून त्या चाकूत पाते, टोच्या, डबा उघडायचे हत्यार आणि स्क्रू फिरवायचे हत्यार अशा चार वस्तू होत्या. १८९१ साली एल्सनर यांनी असे चाकू सैन्याला दिले. पुढे १८९७ मध्ये त्यांनी जास्त हलका आणि जास्त हत्यारांचा चाकू केला. युक्ती साधी होती: मुठीतल्या एकाच स्प्रिंगने दोन्ही बाजूंची हत्यारे धरून ठेवायची. १९०९ साली त्यांची आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हा त्यांनी तिचे नाव मालाला दिले. १९२१ साली स्टेनलेस पोलाद आले. फ्रेंच भाषेत त्याला थोडक्यात 'इनॉक्स' म्हणतात. दोन्ही मिळून नाव झाले 'व्हिक्टोरिनॉक्स'. म्हणजे जगभर ज्याला शिपायाचा चाकू म्हणून ओळखतात, त्याच्या नावात एक आई आहे. अम्मीला हे मी मुद्दाम सांगितले. तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

या चाकूंतही निवड करावी लागतेच. दुकानात करवत, कात्री, भिंग, पक्कड, सारे काही असलेले जाडजूड चाकूही होते. ते पाहून कोणाचेही मन लोभावेल. पण असा चाकू खिशात विटेसारखा लोंबतो. चार दिवसांनी माणूस तो कपाटात ठेवतो, आणि कपाटात पडलेला चाकू गठ्ठ्याची पट्टी कापायला येत नाही. मी लहान घेतला. मिटला म्हणजे साडेआठ सेंटिमीटरचा. एक मोठे पाते, एक लहान पाते, डब्याचे, बाटलीच्या टोपणाचे, एक टोच्या, आणि मुठीत लपलेला चिमटा. हा चिमटा सर्वांत जास्त उपयोगी पडला. मैदानावर अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायांतून मी किती काटे काढले असतील, त्याची मोजदाद नाही. मूठ लाल आहे. या चाकूच्या किमतीत बाजारातल्या फळे कापायच्या दहा सुऱ्या आल्या असत्या, हे अम्मीने लगेच दाखवून दिले आणि तिचा हिशेब बरोबर होता. म्यान असलेली चांगली छोटी सुरी डब्याच्या पिशवीत ठेवणाऱ्याचे काहीही अडत नाही.

तुम्ही मात्र चाकू दप्तरात आणू नका. शाळेत तशी मनाई असते आणि ती योग्य आहे. मधल्या सुट्टीच्या धक्काबुक्कीत उघडे पाते कोणाच्या हातात असावे, असे मला तरी वाटत नाही. घरी वडीलमाणसांसमोर जरूर शिका. पात्याची धार अंगाकडे नको, बाहेरच्या बाजूला हवी. दुसऱ्याला देताना चाकू मिटवून द्यावा. माझ्या चाकूला ती फ्रेंच कडी नाही. त्याचे पाते नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उभे राहते. म्हणून त्याने टोचायचे नाही. टोकावर जोर दिला, तर पाते उलटे मिटते आणि बोट मध्ये सापडते.

धार लावायला मला मोहल्ल्यातल्या कसाईचाचांनी शिकवले. माझा इवलासा चाकू पाहून आधी ते पोट धरून हसले. मग त्यांनी धार अंगठ्यावर आडवी पाहिली आणि त्यांचे हसू थांबले. "मास्टर, हा बोथट आहे. बोथट चाकूच हात कापतो," ते म्हणाले. ते खरे आहे. धार असली, की पाते आपण होऊन चालते. धार नसली, की आपण जोर करतो आणि जोर केलेले पाते निसटून भलतीकडे जाते. त्यांनी दगड ओला केला. पाते दगडावर पुरते आडवे ठेवायचे नाही आणि पुरते उभेही नाही. काटकोनाचा निम्मा करा आणि त्याचाही निम्मा करा; साधारण तेवढ्या तिरपेपणाने दोन्ही बाजू सारख्या फिरवायच्या, हलक्या हाताने. सायकलचे चाक फिरवून धार लावणारे फेरीवाले येतात, त्यांच्याकडे माझा चाकू मी देत नाही. ठिणग्या उडताना मौज वाटते खरी, पण पातळ पाते तापले, की पोलादाचा कडकपणा उतरतो.

मागच्या काही वर्षांत मी हा चाकू घेऊन पुष्कळ फिरलो. एकदाच झडती झाली. रमजानचे दिवस होते आणि मी एका प्रशिक्षणाहून गावी परत येत होतो. स्टेशनवर सामान तपासत होते. माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात कंपासपेटी, लाल पेने आणि चाकू होता. हवालदाराने चाकू काढला आणि विचारले, "हे कशाला?" मी म्हणालो, "शिक्षक आहे. पेन्सिली, गठ्ठे, फळे." त्याने तो स्वतःच उघडला. खाचेत नख घालून, दोन्ही हातांनी, सावकाश. दुसऱ्या तऱ्हेने तो उघडतच नाही. लहान पात्याच्या मुळाशी पेन्सिलीच्या शिशाची काळी भुकटी साचलेली होती. त्याने ती बोटाने पुसली, बोट पाहिले, ओळखपत्रावरचे माझे नाव वाचले आणि विचारले, "काय शिकवता?"

"मराठी."

"मराठी?" तो हसला आणि चाकू मिटवून त्याने माझ्या हातावर ठेवला. त्याचे वागणे सभ्य होते. तपासणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने नीट केले. पण चाकू पिशवीतून निघाला, तेव्हा रांगेत माझ्यामागे उभे असलेले दोघेजण एक पाऊल मागे सरकले होते. चाकू परत मिळाल्यावरही ते पाऊल त्यांनी पुढे घेतले नाही. झडतीचे मला काही वाटले नाही. त्या एका पावलाचे वाटले. अम्मी काय म्हणत होती, ते त्या दिवशी मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा जास्त स्पष्ट कळले. घरी मी तिला हे सांगितले नाही.

गाडीत जागा मिळाली. समोरच्या बाकावर एक आजी आणि तिचा सात-आठ वर्षांचा नातू होता. सूर्य मावळायला आला. मी कागदाच्या पुडीतून खजूर काढले, पाण्याची बाटली काढली. वेळ झाली, तसा खजूर खाऊन रोजा सोडला. मग सफरचंद काढले. चाकू अजून पिशवीतच होता. क्षणभर वाटले, राहू दे, दातानेच खाऊ. मग मी आजीला म्हणालो, "आजी, सफरचंद कापतो. जरा चाकू काढतो हं." तेव्हापासून माझी ही सवयच झाली आहे. चाकू काढण्याआधी काम सांगायचे. आजी म्हणाली, "काढ की, त्यात विचारायचे काय?"

मी चार फोडी केल्या आणि दोन पुढे केल्या. नातू फोडीपेक्षा चाकूकडेच पाहत होता. "याच्यात अजून काय काय आहे?" मी एकेक हत्यार उघडून दाखवले. चिमटा मुठीतून निघाला, तेव्हा त्याने तो तीनदा आत-बाहेर करून पाहिला. मग आजीने बाकाखालून पिशवी ओढली आणि तिच्यातून एक कलिंगड काढले. चांगले मोठे होते. "घरी नेऊन कापणार होते," ती म्हणाली, "पण हा मघापासून मागे लागलाय. तुझ्या त्या चाकूने होईल का रे?"

अडीच इंचांचे पाते आणि एवढे मोठे कलिंगड! वहीतल्या अकरा नोंदींत हे काम नव्हते. आम्ही बाकावर वर्तमानपत्र पसरले. नातवाने कलिंगड दोन्ही हातांनी धरले आणि सावकाश फिरवत नेले. मी पाते मुठीपर्यंत आत घालून त्याच्याभोवती एक चीर पाडत गेलो. पुरती फेरी झाली, तरी आतला गाभा अखंडच होता. शेवटी वरच्या बाकावरचे एक गृहस्थ खाली उतरले. चिरेत बोटे घालून मी एकीकडे ओढले, त्यांनी दुसरीकडे. कलिंगड एकदम फुटले आणि निम्मा रस आमच्या तिघांच्या कपड्यांवर गेला. पुढे फोडी करायला मात्र चाकू पुरला. बिया वर्तमानपत्रात गोळा केल्या, पाते बाटलीतल्या पाण्याने धुतले आणि मुठीत शिरलेला चिकट रस मी स्टेशन येईपर्यंत रुमालाच्या टोकाने पुसत होतो.